आठवण राहिली, हिशेब सोपवला

रमजानचा सतरावा रोजा दोन कारणांनी लक्षात ठेवला जातो. हिजरी सन २ मध्ये याच तारखेला बद्रची लढाई झाली. आणि प्रचलित मतानुसार हिजरी सन ५८ मध्ये याच तारखेला पैगंबर मुहम्मद (स.) यांच्या पत्नी हजरत आयेशा (रजि.) यांचे मदिनेत निधन झाले. मशिदीतल्या बयानात आज बद्रविषयी पुष्कळ बोलले जाते. हजरत आयेशांविषयीही बोलले जाते. त्यांनी सांगितलेल्या दोन हजारांहून अधिक हदीस, त्यांची स्मरणशक्ती, मोठमोठे सहाबी त्यांच्या दाराशी येऊन विचारत असलेले मसले. त्यांच्या आयुष्यातला एक महिना मात्र बहुधा घाईने उरकला जातो. रमजानच्या या मधल्या दहा दिवसांना मगफिरतीचा, म्हणजे क्षमेचा अशरा म्हणतात. या दिवसांत तो महिना सावकाश वाचण्यासारखा आहे.

ही हकीकत बुखारी आणि मुस्लिम या हदीसच्या दोन्ही प्रमुख संग्रहांत आहे, आणि ती हजरत आयेशांच्याच तोंडून आलेली आहे.

बनू मुस्तलिक टोळीवरच्या मोहिमेवरून काफिला मदिनेकडे परतत होता. हजरत आयेशा सोबत होत्या. मदिना जवळ आली असता एका मुक्कामावरून रात्रीच निघायची हाळी झाली. त्या विधीसाठी तळापासून दूर गेल्या होत्या. परतल्यावर गळ्याला हात लावला तर यमनी मण्यांचा हार तुटून पडलेला. तो शोधायला त्या पुन्हा मागे गेल्या. इकडे माणसांनी त्यांची पडदे लावलेली डोली उचलून उंटावर ठेवली. आयेशा अंगाने हलक्या होत्या. डोली रिकामी आहे हे उचलणाऱ्यांना कळलेच नाही. हार सापडला, पण परत आल्या तेव्हा तळावर कोणी नव्हते. आपण नाही हे कळल्यावर कोणी ना कोणी शोधायला येईल, या विचाराने त्या तिथेच बसल्या आणि बसल्याबसल्या त्यांना झोप लागली.

काफिल्याच्या मागून येणारे सफवान बिन मुअत्तल सकाळी तिथे पोहोचले. त्यांनी ओळखले, उंट बसवला, आयेशा उंटावर बसल्या आणि सफवान दोर धरून पायी चालू लागले. भर दुपारी दोघे काफिल्याला येऊन मिळाले. घडले ते एवढेच.

यातून जे रचले गेले त्याने मदिनेसारख्या शहराची झोप उडवली. अब्दुल्लाह बिन उबय या माणसाने कुजबुज सुरू केली आणि ती घराघरांतून फिरू लागली. पसरवणाऱ्यांत शत्रूच होते असे नाही. मिस्तह होते, जे आयेशांच्या वडिलांचे, हजरत अबू बकर (रजि.) यांचे गरीब नातेवाईक, त्यांचा खर्चही अबू बकरच चालवत. हस्सान बिन साबित होते, पैगंबरांच्या बाजूने काव्य करणारे नामांकित कवी.

आयेशा त्या काळात आजारी होत्या. महिनाभर त्यांच्या कानावर काहीच आले नाही. पैगंबर (स.) आजारपणात एरवी जी आपुलकी दाखवत ती या वेळी का दिसत नाही, एवढेच त्यांच्या मनात सलत होते. एका रात्री त्या मिस्तहच्या आईबरोबर बाहेर पडल्या. वाटेत त्या बाई स्वतःच्याच कपड्यात पाय अडकून अडखळल्या आणि त्यांच्या तोंडून मुलासाठी शाप निघाला. आयेशांनी त्यांना लगेच टोकले. बद्रच्या लढाईत उतरलेल्या माणसाला शिव्याशाप देता, असे त्यांचे म्हणणे होते. तेव्हा त्या आईने सारे सांगितले. आपल्यावर चिखल उडवणाऱ्याची बाजू आयेशांनी क्षणापूर्वी घेतली होती, हे त्यांना त्या वेळी कळले.

त्यानंतर त्या माहेरी गेल्या. रात्रभर रडल्या, दुसरा दिवसभर रडल्या. रडून रडून काळीज फुटेल असे आईवडिलांना वाटू लागले. अशात मदिनेतली एक अन्सारी बाई आत यायची परवानगी मागून आली आणि त्यांच्याशेजारी बसून रडू लागली. त्या बाईने समजूत घातली किंवा सल्ला दिला अशी नोंद नाही. ती फक्त बसली आणि रडली. आयेशांनी इतक्या वर्षांनंतरही ती लक्षात ठेवली.

मग पैगंबर (स.) आले आणि त्यांनी सांगितले की, तू निर्दोष असशील तर अल्लाह ते उघड करील, आणि काही चुकले असेल तर अल्लाहकडे क्षमा माग. हे ऐकताच आपले अश्रू आटले, असे आयेशा सांगतात. त्यांनी वडिलांना उत्तर द्यायला सांगितले. वडिलांना शब्द सुचेनात. आईलाही सुचेनात. अखेर त्या स्वतः बोलल्या. मी निर्दोष आहे म्हटले तर तुम्ही मानणार नाही, आणि न केलेले कबूल केले तर लगेच मानाल, असा त्यांच्या बोलण्याचा रोख होता. मग त्यांना हजरत याकूब यांची आठवण झाली, ज्यांनी पुत्र युसूफच्या वियोगात सुंदर सब्र धरला आणि मदत अल्लाहकडेच मागितली. पण मनाची अवस्था अशी की, याकूब हे नावच आठवेना. त्या फक्त युसूफचे वडील एवढेच म्हणू शकल्या. आणि अंथरुणावर कूस बदलून पडून राहिल्या.

अल्लाहवरील भरवसा नेमका कसा दिसतो, हे पाहायचे असेल तर या क्षणाकडे पाहावे. त्यात शांत, हसरा चेहरा नाही. रडून थकलेली एक तरुण स्त्री आहे, जिला एका पैगंबराचे नावही आठवत नाही. तिने आपली बाजू मांडली, एकदाच मांडली, आणि पुढचा खटला ज्याच्याकडे सोपवायचा त्याच्याकडे सोपवून टाकला.

या सोपवण्याला अरबीत तवक्कुल म्हणतात. हा शब्द मराठी माणसाला परका वाटायचे कारण नाही, कारण त्याच धातूपासून आलेला एक शब्द तालुक्याच्या कोर्टात रोज ऐकू येतो : वकील. तवक्कुल म्हणजे अल्लाहला आपला वकील नेमणे. अल-वकील हे अल्लाहच्या नावांपैकी एक आहे. कोर्टाची पायरी चढलेल्या कोणालाही यातला अर्थ सांगावा लागत नाही. वकीलपत्रावर सही केली म्हणजे अशिलाने झाले गेले विसरायचे असते का? नाही. उलट प्रत्येक तपशील नीट आठवून सांगायचा असतो. त्याने फक्त कोर्टाबाहेरच्या चहाच्या टपरीवर, एस.टी.त, लग्नाच्या मांडवात तोच खटला पुन्हा पुन्हा लढवणे थांबवायचे असते. मागचे दुःख सोडून देणे म्हणजे हेच. आठवण आपल्याकडे राहते, हिशेब त्याच्याकडे जातो.

या भरवशात एक अदबही आहे. वकिलावर विश्वास म्हणजे त्याला रोज जाब विचारणे नव्हे. कुरआनात रोजाचे प्रयोजन तकवा सांगितले आहे, म्हणजे अल्लाहची जाणीव ठेवून सांभाळून वागणे. आणि एका ठिकाणी तकवा व तवक्कुल ही दोन्ही एकापाठोपाठ येतात : जो अल्लाहची जाणीव ठेवील त्याला वाट काढून दिली जाईल, जो त्याच्यावर भिस्त ठेवील त्याला तो पुरेसा आहे, असा त्या आयतींचा आशय. हे वचन कोणत्या सूरहमध्ये यावे? सूरह तलाकमध्ये. घर मोडण्याच्या कायद्याच्या मधोमध. माणूस सर्वांत कडवट झालेला असतो, बोलू नये ते बोलत असतो, अशा जागी हा दिलासा ठेवलेला आहे.

मदिनेतल्या त्या घरात त्याच बैठकीत वही उतरली आणि आयेशा निर्दोष ठरल्या. सूरह नूरच्या अकराव्या आयतीपासून तो प्रसंग येतो. आई म्हणाली, ऊठ, पैगंबरांचे आभार मान. आयेशांनी नकार दिला. आभार मानीन तर अल्लाहचेच, असे त्यांनी सांगितले. यात मान आहे आणि थोडा रुसवाही आहे. हदीस सांगणाऱ्यांनी तो रुसवा लपवला नाही, आयेशांनीही नाही.

आता या कथेतली जी बाजू सहसा सांगितली जात नाही ती पाहायला हवी. हजरत अबू बकर (रजि.) यांनी रागाने शपथ घेतली की, मिस्तहला यापुढे एक पैसा देणार नाही. बापाचा राग होता तो, आणि रास्त होता. त्यावर सूरह नूरची बाविसावी आयत उतरली. ज्यांच्याकडे संपत्ती आणि सामर्थ्य आहे त्यांनी नातेवाइकांना व गरजूंना मदत न करण्याची शपथ घेऊ नये, माफ करावे. अल्लाहने आपल्याला माफ करावे असे तुम्हाला वाटत नाही का, असा तिचा प्रश्न आहे. अबू बकरांनी उत्तर दिले की, का नाही, मला तर ते हवेच आहे. मिस्तहचा खर्च पुन्हा सुरू झाला.

ही आयत कोणाला उद्देशून आहे, याकडे लक्ष द्यावे. ती सामर्थ्य असलेल्याला उद्देशून आहे. ज्या मुलीने सोसले तिला कोणी आधी माफ करायला सांगितले नाही. तिला आधी निर्दोषत्वाची ग्वाही मिळाली. पुराव्याशिवाय स्त्रीवर आळ घेणाऱ्याला ऐंशी फटक्यांची शिक्षा आणि आरोप सिद्ध करायला चार साक्षीदारांची अट याच सूरहमध्ये आहे. ही शिक्षा मिस्तह आणि हस्सान यांना झाल्याची नोंद हदीस-ग्रंथांत आहे. म्हणजे सत्य उघड झाले, कायद्याने आपले काम केले आणि उपाशी नातेवाइकाचे अन्नही तोडले गेले नाही. तिन्ही गोष्टी एकाच वेळी झाल्या.

आपल्याकडे, सर्वच धर्मांच्या घरांत, हा क्रम उलटा लागतो. लेक माहेरी येऊन रडते, तेव्हा पहिला सल्ला तिलाच मिळतो : सब्र कर, जाऊ दे, देव बघून घेईल. ज्याने हात उचलला त्याच्याकडे मात्र कोणी आयत घेऊन जात नाही. मोबाईलवर एखाद्या मुलीचा फोटो फिरतो, ठरलेले लग्न मोडते, आणि फोटो पुढे ढकलणारे तेच हात संध्याकाळी इफ्तारच्या किंवा आरतीच्या ताटाला लागतात. अशा मुलीला तवक्कुलचा उपदेश करणे म्हणजे तवक्कुलचा अपमान आहे. भरवसा अल्लाहवर ठेवायचा आणि पोलीस ठाण्याची, कोर्टाची पायरीही चढायची, यात विरोध नाही. उंट आधी बांधा आणि मग भिस्त ठेवा, अशी पैगंबरांची शिकवण हदीसमध्ये आहे. सब्र हा सोसणाऱ्याचा स्वतःचा निर्णय असतो. दुसऱ्याने त्याच्या तोंडावर बांधायची ती पट्टी नव्हे.

मग सोसणाऱ्याने सोडायचे ते काय? याचे उत्तर हजरत आयेशांच्या पुढच्या आयुष्यात आहे. पैगंबरांच्या निधनानंतर त्या चार दशकांहून अधिक काळ हयात होत्या. हस्सान बिन साबित म्हातारे झाले, आंधळे झाले. आयेशांचे भाचे उर्वा एकदा त्यांच्यासमोर हस्सान यांना बोल लावू लागले, तेव्हा आयेशांनी त्यांना थांबवले. हा माणूस आपल्या काव्यातून पैगंबरांची बाजू लढवत असे, हे त्यांनी आठवून दिले. हस्सान त्यांच्या घरी येत असत आणि त्यांना आत येऊ दिले जाई. एकदा त्यांनी एका सच्छील स्त्रीची स्तुती करणारी रचना ऐकवली, जी दुसऱ्या भोळ्या स्त्रियांविषयी वाईट बोलत नाही. आयेशा ताडकन म्हणाल्या की, तुम्ही मात्र तसे नव्हता.

या एका वाक्यात फार मोठा दिलासा आहे. इतक्या वर्षांनंतरही बोच होती. जिला सारे मुसलमान आई म्हणतात तिलाही ती होती. हाराचे मणी, हलकी डोली, वडिलांची शांतता, शेजारी बसून रडलेली बाई, सारे तिला जसेच्या तसे आठवत होते. म्हणून तर ती हदीस आज वाचता येते. पण दार बंद नव्हते. आंधळ्या माणसाला बाहेर उभे केले गेले नाही. ज्याला वाटते की आठवण पुसली गेली नाही म्हणजे आपण माफ केले नाही, त्याने आयेशांकडे पाहावे.

आणि ज्याला दार उघडणे जमत नाही, त्याच्यासाठीही जागा आहे. हिजरी सन ८ च्या रमजानमध्ये मक्का जिंकली गेली, तेव्हा वीस वर्षे छळणाऱ्यांना पैगंबरांनी सोडून दिले. ज्या वहशीने उहुदच्या मैदानात त्यांचे चुलते हमजा (रजि.) यांना ठार केले होते, तोही पुढे मुसलमान होऊन आला. त्याला जिवाची हमी मिळाली, सूड घेतला गेला नाही. पण शक्य असेल तर माझ्या नजरेसमोर येऊ नकोस, असे पैगंबरांनी त्याला सांगितले. माफ करणे म्हणजे गळ्यात गळा घालणे नव्हे. काही वेळा सूड न घेणे आणि दूर राहणे, एवढेच माणसाला पेलते. तेवढेही अल्लाहच्या दरबारी मोजले जाते.

महाराष्ट्राच्या मातीला ही वाट अनोळखी नाही. ज्ञानेश्वरांच्या भावंडांना समाजाने वाळीत टाकले, अशी परंपरा सांगते. त्याच ज्ञानेश्वरांनी १२९० साली ग्रंथ पूर्ण करताना विश्वात्मक देवाकडे जे मागितले त्यात दुष्टांचा नाश नाही. त्यांच्यातला वाकडेपणा जावा एवढीच मागणी आहे. छळाचा हिशेब देवाकडे सोपवलेल्या माणसालाच असे मागता येते.

येत्या तीन-चार दिवसांत रमजानचा शेवटचा अशरा सुरू होईल. लैलतुल कद्रच्या शोधात लोक रात्री जागतील. ही रात्र मिळाली तर काय मागावे, असा प्रश्न पैगंबरांना कोणी विचारला होता? हजरत आयेशांनीच. त्यांना जी दुआ शिकवली गेली ती आज मशिदीमशिदींत म्हटली जाते. अल्लाह माफ करणारा आहे, माफी त्याला आवडते, म्हणून मला माफ कर, असा तिचा आशय. त्यातला शब्द आहे अफ्व. वाळूवरची पावले वारा पुसून टाकतो, त्यासाठीही अरबीत हाच धातू वापरतात. कधीकाळी वाळवंटात एकटी मागे राहिलेल्या आयेशांना हा शब्द मिळावा, यात मोठे सांत्वन आहे.

ही दुआ म्हणायला सोपी आहे. पण नमाजच्या एकाच सफमध्ये खांद्याला खांदा लावून उभे असलेले आणि सलाम फिरवताना एकमेकांची नजर टाळणारे दोन सख्खे भाऊ प्रत्येक गावात असतात. कुठे बांधाचे भांडण असते, कुठे आईच्या दागिन्यांचे, कुठे कोणे एके काळी भर मांडवात बोललेल्या एका शब्दाचे. त्यांनी लगेच मिठी मारावी, असे कोणी म्हणत नाही. पण याच दिवसांत जकातीचा हिशेब होतो, शेकडा अडीच रुपये बाजूला निघतात, आणि देण्याच्या यादीतून एखादा गरजू चुलतभाऊ किंवा पुतण्या केवळ रागापायी वगळला जातो. त्या यादीत मिस्तहचे नाव परत लिहिणे जमण्यासारखे आहे. अबू बकरांना जमले, तेव्हा त्यांचाही राग ताजाच होता.

आणि ज्याच्याकडे देण्यासारखे काही नाही, ज्याने फक्त सोसले आहे, त्याने या रात्रींत सज्द्यात डोके टेकून आपला खटला पुन्हा एकदा सविस्तर सांगावा. रडावे, याकूबही रडले होते. नावे आठवली नाहीत तरी चालेल. ज्याला सांगायचे त्याला सारी ठाऊक आहेत. मग उठावे, सहरीला बसावे आणि दिवसाच्या कामाला लागावे. वकील नेमलेला आहे.